बेचाळीस दारं

माझं नाव वागिमान. धंद्यानं गवंडी. घर ग्रोबोगानच्या बाजूला, पण वर्षातले आठ-नऊ महिने मी सेमारांग नाहीतर सोलो शहरातल्या एखाद्या अर्धवट इमारतीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून झोपतो. सोबत तुकिरान असतो. तो माझा बिगारी. माल कालवतो, विटा वाहतो आणि दिवसभर तोंड चालू ठेवतो. मला तो 'कांग' म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. वयानं खरं तर तोच दोन वर्षांनी मोठा. "थापी ज्याच्या हातात तो थोरला," असं तो सांगतो, "घमेलं ज्याच्या डोक्यावर तो जन्मभर धाकटा."

आमच्या भागात गवंडी म्हणून माझं नाव होतं. भिंत ओळंब्याला केसभर सुटली तरी मी पाडून परत बांधायचो. मालक म्हणायचे, राहू दे, प्लास्टरमध्ये झाकेल. मी ऐकायचो नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं, एवढ्यासाठी सांगतो.

करंगजाती गावच्या मशिदीचं काम आलं ते बायकोमुळं. वार्नीची आत्या त्या गावची. तिथली जुनी लाकडी मशीद वाळवीनं खाऊन टाकली होती. पडली तेव्हा आत कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. समितीचे प्रमुख हाजी बासोरी, भाताच्या गिरणीचे मालक. ते म्हणाले, "वागिमान, शहरातून मजूर आणायचे नाहीत. आमचीच माणसं हात लावणार. पुण्याचं काम आहे."

"किती माणसं येतील, पाक हाजी?" मी विचारलं. वडीलधाऱ्याला आम्ही 'पाक' म्हणतो.

"साठ तर कुठं गेली नाहीत."

तुकिरान मागून पुटपुटला, "म्हणजे वीस काम करणार आणि चाळीस आपल्याला काम शिकवणार."

मशिदीला विटेच्याही आधी लागते ती दिशा. नमाजेला उभं राहिल्यावर तोंड मक्केकडं हवं. ती दिशा काढून देणार होते म्बाह मुक्सिन; म्बाह म्हणजे आजोबा. सत्तरी ओलांडलेले, तंबाखूच्या शेतात राबून वाकलेले, आणि तीस वर्षं त्या गावाला नमाज पढवणारे. वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यावर, सूर्य नेमका मक्केच्या डोक्यावर येतो, तेव्हा आमच्याकडं दुपार कललेली असते. त्या घटकेला सरळ काठी रोवली की तिची सावली मक्केच्या बरोबर उलट पडते. सावलीच्या टोकाकडून काठीकडं पाहायचं, की झाली दिशा. म्हाताऱ्यानं हे आपल्या गुरूकडून शिकून घेतलेलं.

अठ्ठावीस मेला दुपारी सगळं गाव रिकाम्या जागेवर जमलं. म्बाह मुक्सिननी छातीइतकी काठी रोवली. मी ओळंबा धरून ती सरळ करून दिली. चार वाजून अठरा मिनिटं झाली तसे ते गुडघ्यांवर बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून तोंड अगदी मातीला टेकेल इतकं खाली नेलं आणि सावलीच्या टोकावर बोट ठेवलं. एक खुंट काठीच्या बुडाशी ठोकला, दुसरा सावलीच्या टोकाशी. दोन्हींमध्ये साडेचार मीटरचं अंतर. माझ्या खांद्यावर हात टेकून ते उठले आणि म्हणाले, "वागिमान, सगळ्या गावाचं कपाळ आता या दोन लाकडांवर आहे. सांभाळ."

"निश्चिंत राहा, म्बाह," मी म्हणालो.

संध्याकाळी वाळूचा ट्रक आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाया खणायचा, साठ माणसं येणार, म्हणून वाळू रात्रीच्या आत पडायला हवी होती. ड्रायव्हर ट्रक मागं घेत होता आणि मी हात हलवत त्याला सांगत होतो, ये, ये, अजून ये. तुकिरान कसलासा चुटका सांगत होता. कुठला ते आता आठवत नाही, पण मी डोळे मिटून हसलो एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा मागचं चाक सावलीच्या खुंटावरून जाऊन पुढं आलं होतं.

खुंट मोडून बाजूला पडला होता. त्याचं भोक शोधायला आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला, माती मऊ. चाकानं वीतभर खोल चर पाडला होता. भोकबिक काही राहिलं नव्हतं.

तुकिरान म्हणाला, "इथं असेल."

"नाही, अजून इकडं."

"मग तिथं. कांग, मला काय विचारतोस? मी चुटका सांगत होतो."

मी उरलेल्या खुंटाकडून नजर लावून पाहिलं. अंधार पडायला लागला होता. आठवणीवर भरवसा ठेवून नवा खुंट ठोकला आणि मनाशी म्हणालो, चुकला असेल तर चार बोटं चुकला असेल.

खरं सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. म्बाह मुक्सिनच्या घरी जाऊन, ट्रकनं घात केला, एवढं म्हणायचं होतं. म्हातारा चिडला असता, आणि मग म्हणाला असता, ठीक, सोळा जुलैला सावली परत येईल, तोवर थांबू. सात आठवडे. पण मी सेमारांगच्या एका मुकादमाला शब्द दिला होता. पंधरा मजली हॉटेलचं काम, सप्टेंबरला हजर व्हायचं. सात आठवडे गेले असते तर ते काम दुसऱ्याला गेलं असतं. शिवाय दुसऱ्या दिवसासाठी घरोघरी भात शिजायला पडला होता. आणि त्याहून आतली गोष्ट म्हणजे, ज्या वागिमानची भिंत केसभर हलत नाही त्याच्या हातून खुंट मोडला हे साठ माणसांसमोर सांगायची मला लाज वाटली.

सकाळी म्बाह मुक्सिन सगळ्यांच्या आधी आले. वाकून दोन्ही खुंट चाचपले. नवा खुंट जुन्यासारखाच दिसावा म्हणून मी त्याला माती फासली होती, हेही सांगून टाकतो.

"काल होतं तसंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तसंच आहे, म्बाह."

त्यांनी बिस्मिल्ला म्हणून पहिली कुदळ मारली. दोरी बांधली गेली, चुन्याची रेघ पडली आणि गाव जमिनीवर तुटून पडलं.

काम मजेत झालं, हे कबूल करायला हवं. शाळेचे मास्तर एक-एक वीट दोन्ही हातांनी धरून आणायचे आणि प्रत्येक विटेमागं फोटो काढून घ्यायचे. एक निवृत्त पोलीस हवालदार सावलीत खुर्ची टाकून दिवसभर मला सांगायचा की त्याच्या काळी सिमेंट जास्त चिकट असायचं. बायका सागाच्या पानांत भात आणायच्या, सोबत तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे काप, आणि तिखट मिरची. तुकिरान इतका जेवायचा की एका आजीनं त्याला थेट विचारलं, "बाळा, तुझ्या घरी चूल आहे ना?" स्लॅबच्या दिवशी मिक्सर बंद पडला. मग शंभर हातांनी घमेली पुढं सरकत राहिली, पहाटेपासून दिवे लागेपर्यंत. हवालदारसुद्धा खुर्चीवरून उठला. माझ्या तळहातांची साल सिमेंटनं सोलली होती. वार्नीच्या आत्यानं खोबरेल तेल लावून दिलं आणि म्हणाली, "या हातांना जन्नत आहे हो." मी हात मागं घेतले.

पहिल्या शुक्रवारी मी तिसऱ्या रांगेत उभा होतो. पुढं म्बाह मुक्सिन. भिंत सरळ, फरशी सरळ, रांगेच्या रेघा दोरीत. कपाळ टेकलं तेव्हा नाकाजवळ फरशीचा सांधा होता, आणि मला वाटलं तो सांधा माझ्याकडं बघतोय. नमाज झाल्यावर म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

ज्या हॉटेलसाठी मी खोटं बोललो ते काम दोन महिनेही चाललं नाही. मालकाचं काहीतरी बिनसलं, सातव्या मजल्यावर लोखंड उघडं पडून गंजत राहिलं आणि आम्ही घरी परतलो.

चार वर्षं गेली. मधूनमधून, विशेषतः पाया आखताना, तो चर आठवायचा. एकदा तुकिरानजवळ विषय काढला, तर तो म्हणाला, "कांग, देवानं पृथ्वी गोल केलीय. कुठूनही निघाला तरी मक्का लागतेच." मी हसलो. त्याच्याबरोबर हसलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

दोन हजार सतराच्या लेबारानला, म्हणजे ईदला, मी घरी होतो. महिन्याभराचे रोजे संपले होते. लेबारानला आमच्याकडं लहानानं मोठ्याच्या पायाशी बसून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची रीत आहे. सकाळी वार्नी माझ्यापुढं बसली, मी माझ्या आईपुढं. जे शब्द सगळे म्हणतात ते म्हटले आणि उठलो. मग वार्नी दोन दिवसांसाठी करंगजातीला आत्याकडं गेली. परत आली ती हेल्मेटसुद्धा न काढता मोटरसायकलवरून उतरून स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्बाह मुक्सिन आत्याकडं आले होते."

"बरं मग?"

"तुम्ही ऐका तर. मशिदीची दिशा चुकलीय म्हणे. जिल्ह्याहून कुणी माणूस यंत्र घेऊन मोजायला आला होता. सहा अंश चुकलीय. म्बाहना पटलं नाही. मग रोज्यांच्या दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस मे होती ना, त्यांनी स्वतः अंगणात काठी रोवून बघितली. सावली वेगळीच पडली. तेव्हापासून नमाज पढवत नाहीत. म्हणतात, माझ्या डोळ्यांनी दगा दिला, मी सगळ्या गावाला चार वर्षं तिरपं उभं केलं."

मी चुलीजवळ खाली बसलो.

"आणि लेबारानला घरात बसले नाहीत. दरवर्षी सगळं गाव त्यांच्या पायाशी जातं ना? या वर्षी तेच निघाले. काठी टेकत एकेक दार. बेचाळीस घरं. आत्याकडं आले तेव्हा मी दारातच होते. माझ्यापुढं जमिनीवर बसले हो. ऐंशीला टेकलेला माणूस. माझा हात धरून म्हणाले, पोरी, तूही इथं नमाज पढली असशील, मला माफ कर. मी रडायलाच लागले."

बायको हे सांगताना परत रडत होती, आणि मी चुलीजवळच्या भिंतीकडं बघत होतो. ती भिंत मीच बांधलेली. माझ्या बायकोपुढं. त्यांनी माझ्या बायकोपुढं बसून माझ्या चुकीची माफी मागितली होती.

मी तिला सगळं सांगितलं. ट्रक, चर, खुंटाला फासलेली माती. ती ऐकत होती आणि तिचं रडणं थांबत गेलं.

"आणि चार वर्षं तुम्ही माझ्या आत्याच्या घरी बसून जेवताय," ती म्हणाली.

"वार्नी..."

"माझं नाव घेऊ नका. मोटरसायकलमध्ये पेट्रोल आहे. जा."

जाताना तुकिरानला घ्यायला थांबलो. तो दारात पाय पसरून लेबारानचे लाडू खात होता. ऐकून म्हणाला, "चूक ट्रकची होती."

"ट्रकला मी बोलावत होतो."

"मग मी कशाला येऊ? मी तर चुटका सांगत होतो." तरी उठला, हात पुसले आणि मागं बसला. वाटभर बडबडत होता. करंगजातीचं वळण आलं तसा गप्प झाला. फाटकाशी म्हणाला, "कांग, मी गाडी धरतो."

"गाडीला स्टँड आहे."

"आहे खरा," तो म्हणाला आणि माझ्या मागोमाग आत आला.

म्बाह मुक्सिन ओसरीवर चटईवर बसले होते. चार वर्षांत निम्मे झाले होते. त्यांची मुलगी रुकायाह चहा ठेवून आत गेली. मी सलाम केला, तो त्यांनी आवाजावरून ओळखलं. "वागिमान? बरं झालं आलास. तुझ्याकडंही यायचं होतं मला. तू एवढी सरळ भिंत बांधलीस आणि मी ती..."

"म्बाह, थांबा," मी म्हणालो. "तुमची सावली बरोबर होती."

मग बोलत गेलो. मान वर केली नाही. त्यांनी मधे एकदाच अडवलं.

"कुठला खुंट? काठीचा की सावलीचा?"

"सावलीचा."

"कुठल्या अंगाला गेला?"

"उत्तरेला. चार बोटं वाटलं होतं, हातभर गेला असणार."

ते ओठांतल्या ओठांत मोजत राहिले. साडेचार मीटरला हातभर, म्हणजे सहा अंश. चेहरा एकदम उजळला. मुलीला हाक मारली, "रुकायाह! अगं ऐकलंस का? बरोबर होतं! मी बरोबर बोट ठेवलं होतं!" एखाद्या परीक्षेचा निकाल लागावा तसे ते हसले. मलाही वेड्यासारखं वाटलं, सुटलो.

रुकायाह दारात आली. तिनं बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ती हसली नाही. तिच्याकडं बघता बघता म्हाताऱ्याचंही हसू उतरलं.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "सकाळी. काल होतं तसंच आहे ना, म्हणून."

"हो, म्बाह."

"तू काय म्हणालास?"

"तसंच आहे, म्हणालो."

तुकिराननं घसा खाकरला आणि एरवी कधी काढत नाही असा आवाज काढून म्हणाला, "म्बाह, जाणते लोक तर म्हणतात की एवढ्या तेवढ्यानं नमाज वाया जात नाही. मनात मक्का असली की..."

"नमाज पोचली असेल," म्बाह मुक्सिन म्हणाले. "ते मला ठाऊक आहे. मी माणसांचं बोलतोय."

मी म्हणालो, "येत्या शुक्रवारी मशिदीत सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो."

"नको. तिथं सगळे मिळून एकदाच माफ करतील आणि चपला घालून घरी जातील. मी बेचाळीस दारांत बसलोय. तू बेचाळीस दारांत जा."

आम्ही त्या दुपारपासून सुरुवात केली. दोन दिवस लागले. मला वाटलं होतं शिव्या पडतील. पण लेबारानचे दिवस. प्रत्येक घरात चहा, बिस्किटं, केळ्याचे काप. मी जमिनीवर बसून सांगायला लागायचो आणि घरधनी म्हणायचा, "अरे, आधी चहा तर घे." हाजी बासोरी पोट धरून हसले. "सहा अंश? अरे, आमच्या गावात सहा अंशांनी सरळ असलेला माणूस दाखव मला!" मास्तरांनी फोटो काढला. हवालदार म्हणाला की त्याला पहिल्या दिवसापासून संशय होता. एका घरात मला माफ करून झाल्यावर गळकं छत बघायला शिडीवर चढवलं. पंधराव्या घरानंतर तुकिरान पोटावर हात ठेवून म्हणाला, "कांग, शिक्षा मला होतेय." लोक इतक्या सहज हसत होते, की दर दारागणिक मला आणखी लाज वाटत गेली.

सगळीच दारं तशी नव्हती. बांबूच्या पुलाजवळच्या घरात सामिजान नावाचा माणूस राहतो. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझा बाप रोज पाच वेळा तिथं जायचा. मागच्या वर्षी गेला. त्याच्या वतीनं मी काय सांगू? त्यालाच विचार." आणि कबरस्तानाकडं हात केला. मी तिथंही गेलो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही.

आणि एक घर होतं दार्सिनीचं. बाजारात भाजी विकते, जिभेची तिखट. माझं ऐकताना तिचा चेहरा पडत गेला. "म्बाह आले होते तेव्हा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, दिसत नाही तर घरी बसावं, दुसऱ्याच्या नमाजेची वाट कशाला लावायची. असं म्हटलं मी. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं." ती पदरानं डोळे पुसायला लागली. "आता मी कुणाकडं जाऊ? तू मला आधी का नाही रे सांगितलंस?"

मी तिथून उठलो. तोवर मला वाटत होतं माझं पाप माझ्यापाशी आहे. ते गावभर पसरलं होतं आणि प्रत्येकानं थोडं थोडं नकळत उचललं होतं.

सोळा जुलैला म्बाह मुक्सिननी परत काठी रोवली. यंत्राचं माप समितीकडं होतंच, पण ते म्हणाले, मला माझ्या सावलीनं बघायचंय. या वेळी सावलीच्या टोकावर बोट रुकायाहनं ठेवलं. माप यंत्राशी जुळलं. मशीद काही फिरवता येत नव्हती. रांगेच्या रेघा तेवढ्या फिरवायच्या होत्या. मी आणि तुकिराननं अकरा दिवस फरशी कापून तिच्यात काळ्या पट्ट्या बसवल्या, माझ्याच सरळ फरशीवर तिरप्या. कटरच्या धुळीनं दोघांचे चेहरे पांढरे व्हायचे. गवंड्याच्या डोळ्याला ते बघवत नाही. प्रत्येक रेघ भिंतीला जाऊन चुकीच्या कोनात धडकते, आणि कोपऱ्यात एक तिकोनी जागा उरते जिथं धड एक माणूस उभा राहू शकत नाही. गावाकडं असलो की शुक्रवारी मी तिथंच उभा राहतो, अंग चोरून.

हाजी बासोरींनी म्बाहना पुन्हा नमाज पढवायचा फार आग्रह केला. म्बाह पहिल्या रांगेत येऊन उभे राहिले, पण पुढं गेले नाहीत. एका तरुण मास्तरला पुढं केलं. लोक म्हणतात, वय झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र त्यांनी त्या वर्षी करून घेतलं. त्याआधी नको म्हणत होते. रुकायाहनं वार्नीला सांगितलं की ते म्हणायचे, ज्या डोळ्यांनी गावाला फसवलं त्यांच्यावर आता खर्च कशाला.

वार्नी माझ्याशी बोलायला लागली, पण आत्याकडं जाताना मला चल म्हणत नाही. मी आपणहून जातो.

पुढच्या वर्षी म्बाह मुक्सिनकडं न्हाणीघराची भिंत कोसळली आणि रुकायाहनं मला बोलावणं पाठवलं. तिनं आपल्या मनानं बोलावलं की म्हाताऱ्यानं सांगितलं, हे मी विचारलं नाही. तीन दिवसांचं काम. म्बाह रोज समोर स्टूल टाकून बसायचे. ऑपरेशननंतर सगळ्याकडं टक लावून बघायची त्यांना सवय लागली होती. विटा, कोंबड्या, माझे हात, सगळ्याकडं सारखंच बघायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे.

तिसऱ्या दिवशी तुकिराननं माल कालवता कालवता सांगून टाकलं, "म्बाह, याला आता सेमारांगपर्यंत सगळे काय म्हणतात ठाऊक आहे का?"

"काय?"

"पाक मिरिंग. तिरपे काका. नवा मुकादम आला तरी आधी विचारतो, तिरपे काका कुठायत?"

हे नाव त्यानंच पसरवलेलं. मी थापी घेऊन खाली मान घातली. म्बाह मुक्सिन हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. "तिरपे काका!" खोकला आला तरी हसणं थांबेना. रुकायाह पाणी घेऊन धावली. मीही हसलो, तुकिरानही. किती दिवसांनी त्यांच्यासमोर मोकळा हसलो.

त्यांनी पाणी प्यायलं, डोळे पुसले. मग माझ्याकडं पाहिलं, त्या नव्या स्वच्छ डोळ्यांनी, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून गेलं.

"चार वर्षं, वागिमान," ते म्हणाले.

उठले, स्टूल तिथंच ठेवलं आणि आत गेले.

तुकिरान माझ्याकडं बघत उभा राहिला. घमेल्यातला माल घट्ट होत चालला होता. मी त्याला म्हणालो, "पाणी टाक थोडं," आणि पुढचा थर लावायला घेतला.